घाटनदेवीला बरी होणारी पिकअप

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य मनावर घ्यायचं नसतं. "काही नाही मिस्तरी, जरा बघा फक्त," असं हसत म्हणणाऱ्याचं इंजिन उतरवावं लागतं, आणि "इंजिन गेलं हो, संपलं सगळं," म्हणत पडलेल्या चेहऱ्याने येणाऱ्याच्या सीटखाली सुटा पडलेला पाना खडखडत असतो. पेठ रोडला माझं गॅरेज होतं. शटर अजून तेच आहे, पण आत मुलाने टायरचं दुकान टाकलंय आणि मी दुपारचा तिथे खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत बसतो. कुणी विचारलेलं नसताना "याचा बेल्ट ओरडतोय" असं बोलून जातो. मुलगा म्हणतो, "बाबा, तो सिग्नलला थांबलाय, आपल्याकडे आलेला नाही." पण कानांना कोण सांगणार, की तुम्ही रिटायर झालात म्हणून?

मला सगळ्यात आवडायचं ते स्लोचं काम. हे बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगायला हवं. गाडी चालू आहे, गिअर नाही, पाय कशावरही नाही, अशा वेळी इंजिन आपलं आपण जेमतेम फिरत राहतं. शिकलेले लोक त्याला आयडलिंग म्हणतात, गॅरेजात आम्ही नुसतं 'स्लो' म्हणतो. चांगलं इंजिन स्लोला एका लयीत बसतं. बिघडलं की मात्र आपोआप चढतं, आपोआप उतरतं, अंगात आल्यासारखं घुमतं. गिअरचा दांडा थरथरतो आणि आरशात मागची एक गाडी दोन दिसते. पळताना यातलं काही जाणवत नाही. माणूस चारचौघांत गप्पा मारत असतो तोवर त्याचं दुखणं कळत नाही, एकटा बसला की कण्हायला लागतो, त्यातलाच हा प्रकार.

वैताग असा, की स्लो बिघडायला कारणं ढीगभर. हवा कमी, हवा जास्त, डिझेल कमी, डिझेलमध्ये पाणी, नोझल नीट फवारत नाही, पंप थकलाय, नाहीतर कुठला तरी चिमूटभर वॉशर जागेवर बसलेला नाही. आणि गाडीत खरोखरच काही बिघाड सापडत नाही, तेव्हा कारण बहुतेक मालक असतो.

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे यायचे. त्यांची जुनी पेट्रोल जीप, इतकी चकचकीत की तिच्या बॉनेटमध्ये बघून मी एकदा मिशी कातरली होती. तक्रार एकच, स्लो धरत नाही. मी लावून द्यायचो, आठवड्यात परत हजर. शेवटी एका सकाळी मी त्यांच्या बंगल्यावर गेलो, तर साहेब बनियनवर, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतायत. रोज सकाळी! स्वतःची कसरत झाली की जीपची. मी स्लो लावला, स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला आणि म्हणालो, "साहेब, हे सील आहे." त्यानंतर त्यांनी त्या स्क्रूला हात लावला नाही. सील म्हटल्यावर फौजी माणूस काय करणार? पुढे बरीच वर्षं ती जीप घड्याळासारखी चालली आणि सुभेदारसाहेब इतरांना सांगत राहिले, की पेठ रोडच्या मिस्तरीकडे एक खास लाल औषध आहे.

दुसरी अडचण गिऱ्हाइकांच्या चांगुलपणाची. आपल्याकडे गाडी मिस्तरीकडे न्यायची तर तिला आधी आंघोळ घालतात. तेलाचा ओघळ कुठून आला, धूळ कुठे चिकटली, कुठला पाइप ओला होता, ज्याच्यावरून मला काही कळलं असतं ते सगळं घासूनपुसून, वर उदबत्ती ओवाळून, गाडी माझ्या दारात. मी म्हणायचो, "अहो, चोर पकडायला बोलावता आणि त्याच्या पावलांवरून पोतेरं फिरवून ठेवता!" लोक हसायचे आणि पुढच्या वेळी आणखी स्वच्छ गाडी आणायचे.

आता पिकअपची गोष्ट सांगतो. ती दोन हजार सालाच्या अलीकडची-पलीकडची. मोबाइल अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते.

मखमलाबादचे अण्णा फुलांचे शेतकरी. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. फुलं दादरला जायची, त्यांच्या स्वतःच्या पिकअपमधून. पिकअप चालवायचा सुकदेव. हा मूळचा हरसूलकडचा, तिकडच्या डोंगरातल्या पावसावरच्या शेतीवर भागेना म्हणून तरुणपणी अण्णांच्या मळ्यावर आला. फावडं मारता मारता ट्रॅक्टर शिकला, ट्रॅक्टरवरून पिकअपवर आला. पन्नाशीचा, काटक, बोलायला एकदम कमी. त्याच्या गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, 'डायव्हर' म्हणत, आणि त्या शब्दावर तो माणूस आतून फुललेला असायचा. गाडीवर त्याचा जीव होता. केबिनमध्ये चप्पल घालून बसायची कुणाची टाप नव्हती.

तर या पिकअपचा स्लो बिघडला. म्हणजे कसा? नाशकातून भरून निघाली की घोटीपर्यंत झकास. घोटीच्या आसपास गर्दीत गाडी उभी राहिली की इंजिन हेलकावे खायला लागायचं. वर, खाली, वर, खाली. मग ओढ कमी व्हायची, कधी इगतपुरीच्या अलीकडे बंदच पडायची. आणि दादरहून रिकामी परत येताना काही नाही. एवढा कसारा घाट चढून यायची, तरी हूं की चूं नाही.

सुकदेव गाडी घेऊन माझ्याकडे आला. धुतलेली, पुसलेली, अर्थातच. मी चालू केली, स्लो असा बसला होता, की डॅशबोर्डवर चहाचा कप ठेवावा. मी तरी फिल्टर बदलला, डिझेलच्या पाइपांचे वॉशर बदलले. डिझेल गाडीत कुठून हवा शिरली तर स्लो असाच नाचतो, आम्ही म्हणतो गाडीनं 'एअर धरली'. पण एअर कुठे नव्हती. चार दिवसांनी सुकदेव परत. मी नोझल काढून तपासायला पाठवले. परत. फीड पंप उघडला, म्हणजे जो टाकीतून डिझेल ओढून आणतो तो. त्याच्या झडपा बदलल्या. पुन्हा परत. दर वेळी माझ्या दारात गाडी गुणी बाळासारखी वागायची आणि घोटीला गेली की रंग दाखवायची.

एकदा मी वैतागून विचारलं, "मग बंद पडल्यावर चालू कशी होते?"

"कशीबशी घाटनदेवीपर्यंत नेतो," सुकदेव म्हणाला. "देवीला नारळ फोडला की बरी व्हती."

घाटनदेवी म्हणजे इगतपुरीच्या पुढे, घाट उतरायला लागण्याआधीचं देऊळ. घाटात उतरणारा ड्रायव्हर तिथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. मी म्हणालो, "मग माझ्याकडे कशाला आणतोस? नारळाचं पोतंच ठेव गाडीत." तो नुसता हसला.

पण हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं, हे मला भाद्रपदात कळलं. अण्णा स्वतः आले. बरोबर त्यांचा मुलगा संदीप, नुकताच कॉलेज संपवून शेतीत पडलेला. अण्णा धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, बोलणं मोठ्याने. त्या दिवशी मात्र आवाज खाली.

"मला येकच सांगा मिस्तरी. डिझेलमधी रॉकेल हाय का नाय?"

संदीपने खुलासा केला. गाडी बिघडते ती फक्त सुकदेवच्या हातात. संदीप चालवतो तेव्हा नाशकातल्या बाजारात जाऊन येते, काही होत नाही. दादरला जाताना टाकी फुल करून देतात, तरी घोटीपासून कुरकुर. येताना नाही, फक्त जाताना. याचा अर्थ काय? तर हा घोटीला कुठे तरी थांबून डिझेल काढून विकतो आणि तेवढं रॉकेल ओततो. रेशनचं निळं रॉकेल. हिशोब बरोबर बसत होता, हेच वाईट होतं.

"अरे, पण वास येईल की," मी म्हणालो. बाटलीत डिझेल काढलं, उन्हात धरलं, हुंगलं, संदीपला हुंगायला दिलं. शुद्ध डिझेल.

"इथे येईपर्यंत ते जळून जातं ना," संदीप म्हणाला. गाडीतला खरा दोष दाखवल्याशिवाय मी कुणालाही सुकदेवच्या बाजूने काही सांगू शकत नव्हतो, आणि दोष तर मला सापडत नव्हता.

अण्णांनी सांगून टाकलं. "दसऱ्याचा माल हा नेईल. त्यात गाडी अडकली तर मी दुसरा डायव्हर बघतो. याला शेतात खुरपू दे, नायतर जाऊ दे गावाकडं." त्यांना ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. पण दसऱ्याचा झेंडू म्हणजे फुलवाल्यांचं वर्षाचं पीक. त्याच्या आदल्या दिवशी गाडी दादरला वेळेत पोचली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या फुलांना गायसुद्धा विचारत नाही.

गोष्ट गावभर झाली होती. संदीप पारावर बोलला, पारावरचे घरी बोलले. सुकदेव दोन दिवसांनी एकटाच आला, गाडी न घेता, पायी. दारात उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना.

"मिस्तरी, गाडी काढून घ्या म्हनावं. म्या खुरपीन. पर चोर म्हनून गावाकडं कसा जाऊ? तिकडं पोरं मला बघून डायव्हर व्हायचं म्हनत्यात."

एवढं एका दमात तो कधी बोलला नसेल. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं, आणि रागही आला. राग त्या पिकअपचा. एवढी वर्षं इंजिनं ऐकण्यात घालवली आणि हे एक यंत्र माझ्यासमोर गप्प बसून मागे माणसाला बदनाम करत होतं. मी म्हणालो, "दसऱ्याच्या मालाबरोबर मी येतो. घोटीला काय होतं ते माझ्या कानांनी ऐकतो."

खंडेनवमीला सकाळी गॅरेजात पाने, पकडी, जॅक मांडून पूजा केली. हळदकुंकू लावलेलं अवजार त्या दिवशी वापरायचं नसतं, पण मी मनातल्या मनात माफी मागून दोन पाने आणि एक पकड पिशवीत टाकली. दुपारी मुंबई नाक्यावर उभा राहिलो. सुकदेव डिझेल भरून आला. मागे ताडपत्रीखाली झेंडूच्या जाळ्या रचलेल्या, त्यांच्यावर भरपूर पाणी मारलेलं, गाडीच्या अंगावरून नुसती धार गळत होती. केबिनमध्ये संदीप मध्ये बसला, मी खिडकीला. संदीप डोळ्यात तेल घालून सुकदेवकडे बघत होता. घोटीला डिझेल विकताना मुद्देमालासकट पकडायचा त्याचा बेत असावा. लहानपणी हाच पोरगा सुकदेवच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचा, 'काका काका' करायचा. आता तो त्याला कशानेच हाक मारत नव्हता. काही हवं असलं की हवेत बोलायचा. "काच वर घेतली तर बरं होईल," असं.

विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं, गाडी मस्त. मुंढेगावच्या पुढे मला ओढ किंचित कमी वाटली. घोटीला दसऱ्याची गर्दी, गाडी उभी राहिली, आणि सुरू झालं. वर, खाली. वर, खाली. गिअरचा दांडा संदीपच्या गुडघ्यावर आपटायला लागला. सुकदेव कुठेही उतरला नव्हता. पाणी प्यायलासुद्धा थांबला नव्हता.

"बघ," मी संदीपला म्हणालो. "इथपर्यंत तर आपण तिघं बरोबर आहोत. रॉकेल कुणी ओतलं? मी?"

संदीपचा चेहरा उतरला. आता मला दोष सापडायला हवा होता. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. फिल्टरचा स्क्रू सैल केला. हवेचा एक बुडबुडा नाही. पण डिझेल कसं येत होतं? नळाला पाणी जाताना शेवटी येतं ना, तसं. टाकी फुल, पाइप साफ, पंप नवा केलेला, आणि डिझेल यायला तयार नाही. मी डोकं खाजवत उभा.

सुकदेव शांतपणे म्हणाला, "मिस्तरी, हळूहळू देवीपर्यंत नेतो. तिथं बरी व्हईल."

दुसरा काही उपाय सुचत नसल्यामुळे मी देवीच्या भरवशावर बॉनेट बंद केलं. इगतपुरी कशी पार केली ते त्या गाडीला आणि सुकदेवच्या पायालाच माहीत. घाटनदेवीला नवरात्राची गर्दी, ढोल, पेढ्यांची दुकानं, रांग लांबच लांब. मी सुकदेवला सांगितलं, "इंजिन बंद करू नकोस. तुझं जे रोजचं आहे ते सगळं कर, काही सोडू नकोस." आणि बॉनेट उघडून, इंजिनावर हात ठेवून उभा राहिलो. संदीप बाजूला.

सुकदेवने रांगेला वळसा घालून बाहेरच्या दगडावर नारळ फोडला, लांबूनच हात जोडले. मी कान लावून ऐकत होतो. वर, खाली. नारळाने काही फरक पडला नव्हता. त्याने येऊन आम्हाला खोबरं दिलं. वर, खाली. मग तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला. आणि माझ्या हाताखाली ते इंजिन एकदा घुमलं, दोनदा अडखळलं, आणि एका लयीत बसलं.

मी ओरडलो, "सुकदेव! आत्ता काय केलंस?"

"नारळ फोडला," तो पलीकडून म्हणाला.

"त्याच्यानंतर?"

"खोबरं वाटलं."

"अरे बाबा, त्याच्यानंतर! आत्ता! या घडीला!"

"काय नाय. डिझेल बघतो हाय, काडी घालून. काटा चालत नाय ना."

मी धावतच पलीकडे गेलो. डिझेलच्या टाकीचं तोंड गाडीच्या बाजूला, ताडपत्रीच्या गळतीखाली. सुकदेवच्या एका हातात बांबूची काडी, दुसऱ्या हातात खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक आणि सायकलच्या ट्यूबची एक पट्टी. टाकीचं झाकण लावल्यावर त्यावरून तो हे प्लास्टिक दुहेरी घालून ट्यूबने आवळून बांधायचा, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं. त्या प्लास्टिकला मधोमध वाटीसारखा खळगा पडला होता, आतून कुणी ओढल्यासारखा.

मला हसू फुटलं. इतकं, की देवीच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

आता हेही सांगायला हवं. गोड्या तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत थांबतं. डिझेलच्या टाकीचंही तेच. पंप डिझेल ओढतो, तेवढी हवा आत जायला हवी, म्हणून झाकणाला बारीकशी वाट ठेवलेली असते. सुकदेवने ती बंद करून टाकली होती. टाकी फुल असली की आत मोकळी हवा नसतेच, त्यामुळे तासाभरातच टाकी डिझेल सोडेनाशी व्हायची. देवीपाशी थांबला की तो डिझेल बघायला प्लास्टिक सोडायचा, हवा आत जायची, गाडी बरी. पुन्हा बांधायचा, पण तिथून पुढे घाटाचा उतार, आणि टाकी थोडी रिकामी झाल्यामुळे आत मोकळी हवाही असायची. दादरला फुलं उतरवली की बांधायची गरज नाही. म्हणून येताना काही नाही, म्हणून संदीपच्या हातात काही नाही.

"पण बांधायचास कशाला?" मी विचारलं.

तो सांगायला लागला आणि मला आठवलं. एका गणपतीत फुलांवर मारलेलं पाणी गळून टाकीत गेलं होतं, वाडीवऱ्ह्याला गाडी बंद पडली आणि सगळा माल जागेवर सुकला. टाकी मीच धुतली होती. अण्णा तेव्हा त्याला लोकांदेखत खूप बोलले होते. त्या दिवसापासून याने ठरवून टाकलं, की टाकीत थेंब जाऊ द्यायचा नाही.

"मग माझ्याकडे आणताना ते कुठे असायचं?"

"काढून सीटखाली ठिवायचो. मिस्तरीकडं न्यायची गाडी, तिला तसलं ठिगळ बरं दिसत नाय."

बोलता बोलता त्याला उमगत गेलं. हातातल्या प्लास्टिककडे बघत तो म्हणाला, "म्हंजी म्याच बंद पाडायचो गाडी?" त्याचा चेहरा बघवेना. चोर नाही ठरल्याचा आनंद त्याला शिवलाच नव्हता. इतके दिवस लोक काय काय बोलले ते त्याने गिळलं, पण आपल्या हाताने आपल्या गाडीचा गळा आवळला, हे त्याला सोसत नव्हतं.

संदीप पुढे आला. जमिनीकडे बघत मला म्हणाला, "मिस्तरी, बाबांना सांगू की झाकणच खराब होतं. मूळचं." पोरगा वाईट नव्हता. मीही लगेच हो म्हणालो. झाकणाला काय, त्याला थोडंच गावाकडे तोंड दाखवायचंय? सुकदेवने प्लास्टिकची घडी करून खिशात घातली आणि गाडी घाटाला लावली. मी मागे इगतपुरीला आलो आणि एसटीने परतलो.

दसऱ्याला सकाळी अण्णा, संदीप, सुकदेव तिघं पिकअप घेऊन गॅरेजवर आले. रात्रीतून माल विकून, परत येऊन, गाडी धुऊन. अण्णांच्या हातात झेंडूचा जाडजूड हार.

"माल टायमात पोचला," अण्णा म्हणाले. "काय निघालं मिस्तरी?"

मी सुरुवात केली, "अहो, काही नाही, झाकण जरा..."

"झाकण नाय अण्णा," सुकदेव मध्येच म्हणाला. त्याने खिशातून घडी काढली आणि अण्णांपुढे धरली. "झाकण चांगलं हाय. म्या ह्ये बांधायचो. पानी जाऊ नये म्हनून. त्याच्यानं हवा कोंडायची. गाडी माझ्यामुळंच बंद पडायची."

मी आणि संदीप एकमेकांकडे बघतोय. एवढं चांगलं खोटं आम्ही जुळवून ठेवलं होतं, आणि याने ते झटक्यात वाया घालवलं.

अण्णांनी ते प्लास्टिक हातात घेऊन उलटसुलट केलं. "बांधून दाखव," म्हणाले. सुकदेवने बांधून दाखवलं. अण्णा सोडायला गेले. गाठ सुटेना. त्यांच्यासारख्या पहिलवान गड्याच्या बोटांना ती गाठ सुटेना. मग ते सरळ झाले आणि मुलाकडे वळले.

"संद्या, जो मानूस पाण्याचा थेंब जाऊ नये म्हनून येवढी गाठ मारतो, तो त्याच तोंडात रॉकेल वतंल का रं?"

संदीपची मान खाली. मी उगाच बॉनेट उघडलं. सुकदेव टायरवर बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांचं मुलाशी बोलणं संपलं नव्हतं.

"गावात तूच बोललास ना? आज संध्याकाळी सोनं वाटायला जाशील, तेव्हा याला संगं घेऊन जायचं. ज्याच्या ज्याच्या कानावर ग्येलं असंल त्याच्या दारात जायचं, सोनं द्यायचं, आनि सांगायचं."

मी त्या दिवशी टाकीच्या तोंडावर जुन्या मडफ्लॅपचं रबर कापून छोटंसं छप्पर करून दिलं. पाणी बाहेर, हवा आत. सुकदेवने त्यावर स्वतः बादलीभर पाणी ओतून खात्री केली, मगच हार घालू दिला.

संध्याकाळी मीही आपट्याची पानं घेऊन अण्णांकडे गेलो होतो, तेव्हा ती जोडी पाहिली. पुढे संदीप, मागे सुकदेव, अंगात धुतलेला सदरा. संदीप प्रत्येक उंबऱ्यावर सोनं द्यायचा आणि सगळं पहिल्यापासून सांगायचा, की आमच्या काकांनी रॉकेल घातलं नव्हतं, मी खोटं बोललो, काका टाकीला प्लास्टिक बांधायचे, त्याने हवा कोंडायची. लोक सोनं घ्यायचे, ऐकायचे, सुकदेवच्या पाया पडायचे किंवा त्याला मिठी मारायचे. गाव लहान नव्हतं आणि संदीप बराच बोललेला असावा, कारण दारं संपेनात. अंधार पडायला आला, तसा सुकदेव एका ओट्यावर टेकला आणि त्याने संदीपची बाही धरली.

"बास झालं आता भाऊ," तो म्हणाला. "बाकीची उंद्या कर. मला झोपाय पायजे. सकाळी गाडी काढायची हाय."